कुंग फूच्या गोष्टींतलं खरं किती आणि दंतकथा किती, हे स्वतः कसं तपासायचं

आमच्या क्लासच्या भिंतीवर एक फोटो होता. दाढीवाला, बटाट्याएवढे डोळे, एका बारीकशा बोरूवर उभा राहून अख्खी नदी पार करणारा साधू. सर दर नव्या बॅचला त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचे, "हा बोधिधर्म. आपला माणूस. कांचीपुरमचा राजपुत्र. हा गेला म्हणून चिन्यांना कुंग फू आलं." आम्ही छाती फुगवून ऐकायचो आणि मी घरी येऊन मामाला, मित्रांना, सगळ्यांना तेच ऐकवायचो. मग एकदा ट्रेनमध्ये एका माणसाने साधा प्रश्न विचारला, "हे कुठे लिहिलंय?" आणि मला काहीच सांगता येईना. तो राग मनात ठेवून मी शोधायला लागलो आणि त्यातनं जी पद्धत हाताला लागली ती इथे मांडतोय. चिनी भाषा येत नसली तरी चालतं, मलाही येत नाही. इंटरनेट, एक वही आणि थोडा हट्टीपणा एवढं पुरतं.

सगळ्यात आधी एक सवय बदला. "ही गोष्ट खरी का खोटी" असं विचारायचंच नाही. विचारायचं असं की ही गोष्ट पहिल्यांदा लिहिली कधी गेली, कोणी लिहिली, आणि लिहिणाऱ्याला त्यातनं काय हवं होतं. घटनेची तारीख वेगळी, गोष्टीची तारीख वेगळी. आपल्याला हे नवीन नाही, बखर आणि अस्सल समकालीन कागद यातला फरक आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कानावरून गेलेला असतो. तानाजीची घोरपड पोवाड्यात आहे, सभासदाच्या बखरीत नाही, तसंच हे.

गोष्टीचे तुकडे करा

सरांचं ते एक वाक्य घ्या. ऐकायला एक आहे पण त्यात पाच दावे एकमेकांना चिकटवलेत. एक, बोधिधर्म नावाचा माणूस होता. दोन, तो भारतातला, कांचीपुरमचा राजपुत्र. तीन, तो शाओलिन मठात राहिला. चार, त्याने तिथल्या भिक्षूंना व्यायाम किंवा मारामारी शिकवली. पाच, चीनमधली लढण्याची विद्या तिथून सुरू झाली. प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या काळातला, वेगळ्या वजनाचा आहे. लोक काय करतात, पहिला दावा सिद्ध झाला की पाचवाही झाला असं धरून चालतात. वहीत पाच ओळी करा आणि प्रत्येकीपुढे जागा सोडा.

पाचवा दावा आधीच निकालात काढता येतो, त्याला फार खोदावं लागत नाही. हान घराण्याच्या इतिहासात, म्हणजे इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रंथात, पुस्तकांची एक मोठी यादी आहे आणि तिच्यात हाताने लढण्यावरचा सहा प्रकरणांचा एक ग्रंथ नोंदलाय. ग्रंथ हरवला, नोंद राहिली. बोधिधर्म यायच्या चारशे वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हा चिन्यांना हात उगारायला कोणी परदेशातनं येऊन शिकवायची गरज नव्हती, हे एवढं पक्कं. आणि व्हॉट्सअॅपवर जे फिरतं की तो केरळची युद्धकला कलरीपयट्टू घेऊन गेला, त्यात अजून एक घोळ म्हणजे कलरीचे कागदोपत्री पुरावे त्याच्या कित्येक शतकं नंतरचे आहेत.

सगळ्यात जुना उल्लेख गाठा

इथे खरी मेहनत आहे, आणि मजाही इथेच आहे.

बौद्ध ग्रंथ असेल तर सीबेटा नावाची साइट आहे, तिच्यावर चिनी त्रिपिटक, म्हणजे बौद्ध ग्रंथांचा संग्रह, फुकट वाचता येतं. इतिहास, तत्त्वज्ञान वगैरेसाठी चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट. नावाची चिनी अक्षरं कुठून आणायची, तर त्या माणसाच्या विकिपीडिया पानावर पहिल्याच ओळीत असतात, तिथून कॉपी करा आणि सर्चमध्ये टाका. ब्राउझरचं भाषांतर जुन्या चिनीचं पार भजं करतं, पण कोणत्या पानावर नाव येतं आणि आजूबाजूला काय विषय चाललाय एवढं कळतं, आणि पहिल्या चाळणीला तेवढंच लागतं. नंतर त्या ठराविक परिच्छेदाचं अभ्यासकाने केलेलं इंग्रजी भाषांतर शोधा, महत्त्वाच्या बहुतेक उताऱ्यांचं झालेलं आहे.

एक सावधगिरी. एकाच माणसाची नावं चार प्रकारे लिहिलेली असतात. कुंग फूच्या गोष्टींतल्या एका भिक्षुणीचं नाव घ्या, मँडरिनमधली वू मेई म्हणजेच कँटनीजमधली ङ् मुई. हाँगकाँगची पोस्ट वाचली की एक नाव, बीजिंगची वाचली की दुसरं, आणि आपण समजतो दोन वेगळ्या बायका आहेत. म्हणून वहीत चिनी अक्षरंच चिकटवून ठेवायची, ती बदलत नाहीत (जुनी आणि सोपी केलेली अशी दोन रूपं असतात पण ते लगेच कळतं).

आता बोधिधर्माचं बघू. त्याचा सर्वांत जुना उल्लेख इ.स. ५४७ चा, यांग श्वानझी नावाच्या माणसाने लुओयांग शहरातल्या मठांवर लिहिलेल्या पुस्तकात. त्रिपिटकाच्या तैशो आवृत्तीत (हिच्यात प्रत्येक ग्रंथाला नंबर आहे) ते पुस्तक २०९२ नंबरला आहे, उघडून बघा. शहर लढायांनी उजाड झालंय आणि हा माणूस जुन्या वैभवाच्या आठवणी काढत एकेका मठाचं वर्णन करतोय. त्यात युंगनिंग मठाचा प्रचंड लाकडी मनोरा येतो, आणि तो बघून थक्क झालेला एक परदेशी भिक्षू येतो, नाव बोधिधर्म. आपलं वय १५० वर्षं असं सांगतो, इतके देश फिरलो पण असं कुठेच नाही पाहिलं म्हणतो, आणि हात जोडून दिवसेंदिवस "नमो नमो" करत बसतो. बस. एवढंच. ना लाथ, ना बुक्की, ना शाओलिन. आणि तो कुठला? यांग लिहितो, पर्शियाचा!

पण याच उताऱ्यात एक सुंदर धागा आहे. तो मनोरा ५१६ मध्ये बांधला आणि ५३४ मध्ये जळाला, या दोन्ही तारखा पक्क्या आहेत. म्हणजे हा भिक्षू लुओयांगमध्ये या दोन वर्षांच्या मधेच कधीतरी असणार. एका जळून गेलेल्या इमारतीमुळे त्या माणसाला तारीख मिळाली.

त्यानंतर शंभर वर्षांनी, ६४५ मध्ये, दाओश्वान नावाच्या भिक्षूने थोर भिक्षूंची चरित्रं लिहिली (तैशो २०६०). तिथे बोधिधर्म दक्षिण भारतातला ब्राह्मण आहे. बोधिधर्माच्या शिष्यमंडळातल्या एकाच्या नावावरची जुनी प्रस्तावना आहे, ती म्हणते दक्षिण भारतातल्या मोठ्या राजाचा तिसरा मुलगा. म्हणजे "भारतीय" हा दावा अगदीच हवेतला नाही, उलट बरा जुना आहे, पण पर्शियावाला उल्लेख त्याहून जुना आहे हेही विसरायचं नाही. कांचीपुरम, पल्लव हे तपशील मात्र यातल्या एकातही नाहीत. वहीत दुसऱ्या दाव्यापुढे मी लिहिलं, "दक्षिण भारत शक्य, कांची नंतरची भर."

दाओश्वानच्याच ग्रंथात अजून एक गंमत आहे आणि दंतकथा कशी वाढते हे समजायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. बोधिधर्माचा शिष्य हुइके. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की गुरू शिकवायला तयार होईना, म्हणून हुइके बर्फात उभा राहिला आणि स्वतःचा हात तोडून गुरूपुढे ठेवला. शाओलिनचे भिक्षू एका हाताने नमस्कार करतात ते त्याच्या आठवणीत असं सांगतात. आणि दाओश्वान काय लिहितो? हुइकेचा हात दरोडेखोरांनी तोडला. संपलं. हात तोच, तुटला तोही खरा, पण पुढच्या शतकात तो झेन पंथाच्या ग्रंथांत गेला तोवर दरोडेखोर गायब झाले आणि भक्ती आली. (बरं, कुंग फूच्या आद्य गुरूचा पट्टशिष्य आणि त्याचा हात चोरांनी तोडला, याचा विचार क्लासमधल्या कोणीच कसा केला नव्हता काय माहीत.)

तिसरा दावा, शाओलिनशी संबंध, तोही आठव्या शतकातल्या लिखाणांपासून दिसायला लागतो, म्हणजे माणूस गेल्यावर जवळपास दोनशे वर्षांनी. मठ स्वतः ४९५ च्या सुमाराचा, उत्तर वेई घराण्याच्या सम्राटाने बातुओ नावाच्या भिक्षूसाठी बांधलेला. हा बातुओही भारतातनंच आलेला मानतात, पण बिचाऱ्याचा फोटो कुठल्या क्लासात लागत नाही.

कागदाचीच झडती घ्या

चौथा दावा राहिला, व्यायाम शिकवले तो. याचा आधार म्हणून लोक एक पुस्तक दाखवतात, यिजिनजिंग, म्हणजे स्नायू पालटण्याचं सूत्र. त्याला दोन प्रस्तावना आहेत. एक तांग घराण्याचा सेनापती ली जिंग याची, ६२८ सालची, दुसरी सोंग घराण्याचा सेनापती न्यू गाओ याची, ११४२ ची. दोन दोन सेनापतींची साक्ष, अजून काय पाहिजे? पहिलीत सांगितलंय की बोधिधर्म गेल्यावर भिक्षूंना त्याच्या जागी एक लोखंडी पेटी सापडली, तिच्यात हे पुस्तक होतं वगैरे.

आता ली जिंगच्या प्रस्तावनेत तो म्हणतो, हे पुस्तक मला कुरळ्या दाढीच्या वीराने दिलं. हा कुरळ्या दाढीचा वीर कोण? तांग काळातल्या एका लोकप्रिय कथेतलं पात्र. काल्पनिक. उद्या कोणी शिवकालीन म्हणून पत्र दाखवलं आणि त्यात साक्षीदार म्हणून एखाद्या कादंबरीतल्या नायकाची सही निघाली तर तुम्ही काय कराल, तेच इथे करायचं. आणि हे काही आजच्या शंकेखोर लोकांचं म्हणणं नाही, अठराव्या शतकातल्या लिंग थिंगकान नावाच्या चिनी पंडितानेच या प्रस्तावना बनावट असल्याचं दाखवून लेखकाची खेडवळ मास्तर म्हणून खिल्ली उडवली होती. पुस्तकाच्या शेवटी १६२४ ची नोंद आहे, आणि अभ्यासक त्याचा जन्म त्याच सुमाराचा मानतात.

मग गणित मांडा. माणूस ५२० च्या आसपासचा, त्याला व्यायामाशी जोडणारं पुस्तक १६२४ चं. मधे अकराशे वर्षं. तेही व्यायाम आणि श्वासाचं पुस्तक, मारामारीचं नाही. "बोधिधर्माने शाओलिनची मारामारी काढली" हे सर्रास पसरलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०४ ते ०७ मध्ये मासिकात येणाऱ्या एका कादंबरीत ते आलं आणि १९१५ च्या एका तथाकथित गुप्त विद्येच्या पुस्तकाने ते घरोघरी नेलं. सरांची गोष्ट शंभरेक वर्षांची निघाली.

कागदाला विचारायचे प्रश्न थोडक्यात असे असतात: यात त्या काळात नसलेली गोष्ट आहे का, लेखकाने स्वतः पाहिलंय का ऐकलंय, आणि स्वतःहून मोठ्या कोणाचं नाव पुढे करून तो काही विकतोय का. गुप्त पेटी, भिंतीत सापडलेलं हस्तलिखित, गूढ भिक्षू येऊन पुस्तक देऊन गायब, असं काही दिसलं की पेन्सिलने मार्जिनमध्ये खूण करून ठेवा.

दगड वाचा, आणि दगड काय बोलत नाही तेही वाचा

एवढं वाचून वाटेल की शाओलिनचं सगळंच थोतांड. तसं अजिबात नाहीये आणि दंतकथा खोडून काढणाऱ्यांची नेमकी इथे घसरगुंडी होते.

शाओलिन मठात ७२८ सालचा एक शिलालेख आहे. आधी सालाचं. चिनी कागदांत साल राजवटीच्या नावाने येतं, या शिलालेखाचं कायुआन १६. सूत्र सोपं आहे: राजवटीचं पहिलं वर्ष अधिक आकडा वजा एक. कायुआन सुरू झालं ७१३ ला, म्हणून ७१३ + १६ − १ = ७२८. वूद ४ असेल तर ६१८ + ४ − १ = ६२१. वजा एक विसरलात की सगळं एका वर्षाने सरकतं आणि इंटरनेटवर निम्म्या ठिकाणी ते सरकलेलंच असतं. चिनी महिने चंद्राचे, त्यामुळे वर्षाअखेरच्या तारखांना अजून जपायचं.

तर या दगडावर ६२१ चं एक पत्र कोरलंय. लिहिणारा ली शिमिन, जो पुढे तांग घराण्याचा सम्राट झाला. तेव्हा तो वांग शिछोंग नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी लुओयांगसाठी लढत होता. शाओलिनच्या भिक्षूंनी वांगच्या माणसांवर हल्ला करून त्याच्या पुतण्याला पकडून दिलं, त्याबद्दल हे आभाराचं पत्र. दगडावर १३ भिक्षूंची नावं आहेत, पैकी तानझोंग नावाच्या एकाला सेनापतीचा हुद्दा मिळाला. मठाला ४० छिंग जमीन आणि एक पाणचक्की मिळाली (छिंग हे जमिनीचं माप, छिंग घराण्याशी संबंध नाही). म्हणजे शाओलिनचे भिक्षू सातव्या शतकात लढले, हे पक्कं. समकालीन पत्र, नावं, बक्षीस, सगळं आहे.

आता दगडावर काय नाही ते बघा. काठी नाही, ठोसा नाही, कुठली शैली नाही, बोधिधर्माने शिकवल्याचं अवाक्षर नाही. "तेरा दंडधारी भिक्षूंनी राजपुत्राला वाचवलं" ही सिनेमाची गोष्ट झाली. हे भिक्षू कशाने लढले हे कोणी लिहिलेलंच नाही, तलवारी-भाल्यांनीच लढले असतील तर?

आणि ते लढले का? इथे मला सगळ्यात मजा आली. ज्या ठिकाणी ही चकमक झाली ती बाइगू नावाची जमीन मठाचीच होती, आधीच्या स्वी घराण्याच्या सम्राटाने दिलेली, आणि वांगच्या सैन्याने तिथे तळ ठोकला होता. थोडक्यात, इनामाची जमीन गेली म्हणून भिक्षू उठले, आणि योग्य बाजूने उठले. बरं, पत्र ६२१ चं आणि दगड ७२८ चा, शंभर वर्षांनी कोरायची घाई का? तर तेव्हा दरबार मठांच्या जमिनींवर टाच आणत होता. मग मठाने काय केलं, जुनी सनद काढली आणि सम्राटाच्या पूर्वजाच्या सहीसकट दगडात कोरून उभी केली, आता लावा हात. आपल्याकडे देवस्थानांनी ताम्रपट जपले ते ज्यासाठी, त्यासाठीच. युद्धकलेच्या इतिहासातला सगळ्यात भक्कम पुरावा खरं म्हणजे सातबाऱ्याचा कागद आहे.

जाणकार गप्प का आहेत ते बघा

नोंद नाही म्हणजे घडलंच नाही असं नसतं, हे आधी मान्य. पण ज्याला माहीत असायलाच हवं होतं असा माणूस गप्प बसला तर ती शांतता मोजायची.

सोळाव्या शतकातला मिंग सेनापती छी जिग्वांग घ्या, समुद्री चाच्यांशी लढलेला, शिपाई कसे घडवावेत यावर १५६० च्या सुमारास ग्रंथ लिहिणारा. त्याने हातघाईच्या नामांकित शैलींची यादी दिलीय आणि स्वतः ३२ पवित्रे निवडून चित्रांसकट दिलेत. शाओलिनचं नाव येतं, पण काठीसाठी. शाओलिनच्या ठोशांचा उल्लेख नाही. त्याचाच सहकारी यू दायौ १५६१ च्या सुमारास मुद्दाम शाओलिनला गेला, काठी बघितली आणि म्हणाला, तुमची जुनी विद्या तुम्ही हरवून बसलायत, मग दोन भिक्षूंना शिकवायला बरोबर घेऊन गेला. १५५३ मध्ये भिक्षूंच्या तुकड्या चाच्यांशी प्रत्यक्ष लढल्या याच्या नोंदी आहेत, तेव्हा मठात विद्या होती यात शंका नाही, फक्त ती काठीची होती.

आणि मग छंग झोंगयौ. हा पठ्ठ्या दहा वर्षांहून जास्त शाओलिनमध्ये राहून काठी शिकला आणि १६१० च्या आसपास त्यावर पुस्तक लिहिलं. लोक विचारतात काठीचीच एवढी चर्चा, हाताचं काय, तर तो सांगतो की हाताची लढाई अजून देशभर तेवढी पसरलेली नाही, म्हणून भिक्षू आता तिच्यावर मेहनत घेतायत, काठीच्या बरोबरीला आणायला. म्हणजे ज्या ठोशा-लाथांसाठी शाओलिन आज ओळखलं जातं ती सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर अजून घडत होती.

छंग काठीचं मूळ कोणाला देतो माहितीये? बोधिधर्माला नाही. किन्नराला! आपला संस्कृतातला किन्नर, बौद्ध कथांतून चीनला गेला आणि तिथे मठाच्या स्वयंपाकघरातला नोकर झाला. लाल फेट्यांचे बंडखोर मठावर चालून आले तेव्हा हा चुलीपाशी होता, काठी घेऊन बाहेर आला, डोंगराएवढा झाला, बंडखोर पळाले. १५१७ च्या शिलालेखावर ही गोष्ट कोरलेली आहे. प्रत्यक्षात चौदाव्या शतकाच्या त्या धामधुमीत मठाची चांगलीच नासधूस झाली. पण बघा, बोधिधर्म या जागेवर बसायच्या आधी तिथे दुसरा कोणीतरी बसलेला होता, आणि तो मठात राहून शिकलेल्या माणसाच्या तोंडून आपल्याला कळतो. एकाच विद्येचे दोन मूळपुरुष सापडले की कोणता आधी लिहिला गेला ते बघायचं, दुसरा बहुतेक वेळा नंतर आणून बसवलेला असतो.

लिहिणाऱ्याला काय हवं होतं

ताई ची करणाऱ्यांसाठी हा भाग. गोष्ट अशी की वूडांग पर्वतावरच्या झांग सानफेंग या ताओ योग्याने ताई ची काढली. मिंग घराण्याच्या अधिकृत इतिहासात त्याचं चरित्र आहे, त्याला शोधायला सम्राट योंगलने माणसं पाठवली होती, सगळं आहे, फक्त मारामारीचा म नाही. युद्धकलेशी त्याचं नाव पहिल्यांदा जोडलं जातं १६६९ मध्ये, एका समाधीलेखात. लिहिणारा हुआंग झोंगशी, मोठा विद्वान, आणि मांचू आक्रमकांविरुद्ध (मिंगनंतरचं छिंग घराणं यांचंच) लढलेला. तो म्हणतो शाओलिनची विद्या बाहेरची, झांगची आतली, आणि झांगला ती स्वप्नात देवाने शिकवली, सकाळी उठून त्याने एकट्याने शंभरावर दरोडेखोर मारले. शिवाय हुआंगचा झांग बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा, मिंग इतिहासातला चौदाव्याच्या शेवटचा. अडीचशे वर्षांचा फरक.

काही अभ्यासक हा लेख राजकीय म्हणून वाचतात: शाओलिन म्हणजे बौद्ध, म्हणजे परका धर्म, म्हणजे मांचू, आणि ताओ म्हणजे आपला, आतला. पटो न पटो, हुआंगचा राग ध्यानात ठेवूनच तो लेख वाचावा लागतो. आणि मुख्य म्हणजे त्यात ताई ची हा शब्दच नाही. तो धागा नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे आणि विसाव्यात जोडला गेला.

हे सगळं उकरणारा माणूस होता तांग हाओ, शांघायचा वकील, स्वतः युद्धकला शिकलेला. १९३० मध्ये त्याने पुस्तक काढून बोधिधर्म आणि झांग सानफेंग दोघांनाही मूळपुरुषाच्या पाटावरून उठवलं, आणि उस्ताद मंडळी भयंकर खवळली. तो हेनान प्रांतातल्या चेनजियागो गावी जाऊन चेन घराण्याचे कागद बघून आला. ताई चीचा कागदोपत्री माग तिथपर्यंत, सतराव्या शतकापर्यंत नीट लागतो, आणि छी जिग्वांगच्या त्या ३२ पवित्र्यांपैकी बहुतेक नावं चेन घराण्याच्या विद्येत सापडतात. योग्याच्या स्वप्नापेक्षा सेनापतीचं पुस्तक, मला तरी हे जास्त रोमांचक वाटतं.

परंपरेची पिढ्यांची बेरीज करा

ही युक्ती कुठल्याही शैलीला लागू पडते आणि पाच मिनिटांचं काम आहे. गुरूंची साखळी लिहा, माहीत असलेली जन्मवर्षं टाका, आणि एका पिढीला २५ ते ३० वर्षं धरा.

विंग चुन ही दक्षिण चीनची शैली बघा. तिचा प्रसिद्ध उस्ताद, ब्रूस लीचा गुरू इप मॅन, जन्म १८९३. त्याच्या गुरूचा गुरू फोशानचा वैद्य लेउंग जान, १८२६ ते १९०१. लेउंग जानचे गुरू नाटकमंडळींच्या लाल होड्यांवरचे. त्यांच्या वर गोष्टीप्रमाणे दोनेक पिढ्या, की आलीच यिम विंग चुन आणि तिला शिकवणारी भिक्षुणी ङ् मुई, जी कांगशी सम्राटाने जाळलेल्या दक्षिण शाओलिनमधून निसटलेली. कांगशी वारला १७२२ मध्ये. लेउंग जान शिकला असेल १८४५ च्या आसपास. १२० वर्षांहून जास्त काळ, आणि भरायला तीन-चार माणसं, त्यातल्या एका जोडीत तर नवरा-बायको. भोक दिसलं ना? भोक दिसलं म्हणजे सगळी साखळी खोटी असं नाही, लेउंग जान खरा, इप मॅन खरा, वरचा भाग नंतर लावलेला.

मग तो आला कुठून? मठ जाळला, पाच जण निसटले, ही गोष्ट तिआनदीहुइ या गुप्त संघटनेची. छिंग सरकारच्या दप्तरातले कागद सांगतात की ही संघटना फुजियानमध्ये १७६१-६२ च्या सुमारास निघाली, आणि मठ जळाल्याच्या गोष्टीची सापडलेली सगळ्यात जुनी प्रत १८११ ची, जप्तीत मिळालेली. पुढे १८९३ च्या एका कादंबरीने पात्रं भरली. आज फुजियानमध्ये पुतिआन, छ्वानझोऊ आणि फूछिंग अशी तीन ठिकाणं "खरं दक्षिण शाओलिन आमचंच" म्हणून भांडतात, तिकीट तिन्हीकडे.

उत्तरेच्या शाओलिनवर छिंग सम्राटांचा एवढा राग असता तर छिआनलोंग १७५० मध्ये तिथे मुक्कामाला राहून कविता करत बसला नसता. त्या मठाची खरी मोठी आग १९२८ ची, शी यूसान नावाच्या लष्करी सरदाराने लावलेली, तारखेसकट नोंदलेली.

अजून एक खूण: साप आणि करकोचा यांची झुंज बघून विद्या सुचली, ही गोष्ट झांग सानफेंगची सांगतात, ङ् मुईचीही सांगतात. फुजियानच्या श्वेत करकोचा शैलीत, तिची मूळ मानलेल्या फांग छीन्यांगकडे नुसता करकोचाच आहे, साप सुट्टीवर. एकच प्रसंग माणसं बदलून फिरत असेल तर तो कोणाचाच नाही.

जवळच्या काळाला जास्त सावध

फोटो आणि वर्तमानपत्रं आली म्हणून दंतकथा थांबल्या नाहीत. उस्ताद हुओ युआनजिया खरा, १८६८ ते १९१०, शांघायची जिंगवू संघटना खरी. जपान्यांनी विष घातलं हा वाद अजून चालू आहे, १९८९ मध्ये अस्थींत आर्सेनिक सापडलं पण त्या काळच्या औषधांतही ते असायचं. त्याचा सूड घेणारा चेन झेन मात्र १९७२ च्या सिनेमासाठी बनवलेला, आणि मला भेटलेल्या निम्म्या लोकांना तो ऐतिहासिक वाटतो.

वहीबद्दल शेवटचं. मी प्रत्येक दाव्यापुढे चारपैकी एक शेरा लिहितो: समकालीन, शक्य, नंतरची भर, बनावट. आणि शेजारी पहिल्या लेखी उल्लेखाचं साल. शेरा पेन्सिलने, साल पेनने, कारण मत बदलतं पण साल सहसा बदलत नाही. "परंपरेनुसार", "असं मानतात" असे शब्द असलेलं वाक्य कधीच सालाच्या रकान्यात जात नाही. आणि एआयला विचारलंत तर उत्तर आल्यावर त्याच्याकडूनही तैशो नंबर मागा आणि उघडून बघा, मला एकदा अस्तित्वातच नसलेला शिलालेख तारखेसकट मिळाला होता.

वही घेऊन मी एका रविवारी सरांकडे गेलो. घाबरतच. त्यांनी बोधिधर्माचं पान शांतपणे वाचलं, हुइकेच्या हाताशी थांबले, हसले, आणि म्हणाले फोटो काढणार नाही, फोटो चांगला आहे. मग विचारलं, "बरं, आपण रोज सकाळी करतो ती चोवीस पवित्र्यांची ताई ची, ती किती जुनी?" मी पान उलटून दाखवलं: १९५६, बीजिंगच्या सरकारी क्रीडा आयोगाने बसवलेली.

"म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान," सर म्हणाले, आणि बॅच सुरू करायला उठले.